मेंढरं दडवलेलं अंगण

दोन हजारच्या पुढची ती वर्षं. मी पुण्यात एका कचेरीत कामाला होते आणि परदेशी कंपन्यांना इथले मॅनेजर शोधून द्यायचे, हा आमचा धंदा होता. माहेरी, हट्ट्याला गेले की आईला मी हे समजावून सांगायचे. एकदा सगळं ऐकून घेऊन ती म्हणाली, म्हणजे तुमी सोयरिकी जुळवता. मला तेव्हा राग आला होता. आता वाटतं, आईनं उगाच आमचा मान वाढवला. सोयरीक जुळवणाऱ्याला निदान दोन्ही घरं ठाऊक असतात.

आमचे साहेब पन्नाशीचे, सदा नुकतीच आंघोळ करून आल्यासारखे. माणसाला ते माणूस म्हणत नसत, मटेरियल म्हणत. हे मटेरियल चांगलं आहे, ते मटेरियल जरा जुनं झालंय. फोनवर इतक्या हळू आवाजात बोलत, की ऐकणाऱ्याला वाटावं देशाचं काहीतरी ठरतंय. ठरत असायचं एवढंच, की साबणाच्या कंपनीतला एक मॅनेजर टूथपेस्टच्या कंपनीत जाईल का. आम्हा मुलींच्या कामाला रिसर्च म्हणायचे. रिसर्च म्हणजे कुठल्याही कंपनीत फोन लावायचा आणि थाप मारायची: कुरियरमधून बोलतेय, पाकिटावर नाव बरोबर हवंय, तुमच्या विक्रीचे मोठे साहेब कोण? पलीकडची मुलगी भाबडेपणानं सांगून टाकायची. अशी दिवसभर खोटं बोलून आम्ही नावं गोळा करायचो आणि मग ती माणसं खरं बोलतात का, याची चौकशी करायचो.

त्या साली बियाण्यांची एक परदेशी कंपनी आमच्याकडं आली. मराठवाडा आणि विदर्भ मिळून तिला एक प्रमुख हवा होता, कापसाचं बियाणं विकायला. साहेबांनी आधी पुण्या-मुंबईची चकचकीत मटेरियलं दाखवली. त्यातला एक जण मुलाखतीत कपाशीचं झाड असं म्हणाला आणि हातानं आंब्याएवढी उंची दाखवली. तो साहेबांचा फार लाडका होता. शेवटी नाइलाजानं त्यांनी मी सुचवलेला माणूस बोलावला.

तो सेनगाव तालुक्यातला, साखऱ्याच्या बाजूच्या एका लहान गावचा. मेंढरं राखणारं घर आणि थोडी कोरडवाहू जमीन. शिकून तो दुसऱ्या एका बियाणे कंपनीत लागला होता आणि नांदेडला राहून गावंच्या गावं पालथी घालत होता. तिशी ओलांडली तरी लग्न केलं नव्हतं, कारण आधी बहिणींची करायची होती.

मुलाखत पुण्यातल्या एका मोठ्या हॉटेलात झाली. परदेशी डायरेक्टर, आमचे साहेब, आणि टिपणं घ्यायला मी. शाळेत मध्येच दोन वर्षांचा खंड कसा पडला, असं डायरेक्टरनं सहज विचारलं. तो म्हणाला, वडिलांचा पाय मोडला होता, मग कळप घेऊन मलाच हिंडावं लागलं. पुढं एका मास्तरांनी परत शाळेत बसवलं. त्याच्या बोलण्यात रडगाणं नव्हतं, पण डायरेक्टरचे डोळे भरून आले. मी मात्र साहेबांचे डोळे बघत होते. गिऱ्हाइकाचा हात कुठल्या लुगड्यावर थांबला हे दुकानदार बघतो, तसे ते बघत होते.

संध्याकाळी त्याच्या माहितीपत्रकावर पहिलंच वाक्य पडलं, मेंढपाळाचा मुलगा. त्याखाली उघडं माळरान आलं, अनवाणी पाय आले, कंदिलाच्या उजेडातला अभ्यास आला. कंदिलाचं तो अवाक्षर बोलला नव्हता. मी त्याला फोन करून ते वाचून दाखवलं. तो ओशाळला. हे लिहायलाच पाहिजे का, मॅडम, माझं काम लिहा ना, असं म्हणाला. मी साहेबांना सांगितलं, तर त्यांनी मान वर न करता उत्तर दिलं.

"काम सगळ्यांचंच असतं. मेंढ्या फक्त याच्याकडं आहेत."

त्याच फोनवर तो आणखी एक गोष्ट बोलला होता. ही नोकरी लागली की बापाला मेंढरामागं जाऊ द्यायचं नाही. मोडलेला पाय कधी नीट बसलाच नव्हता आणि त्या पायानं म्हातारा अजून कळप घेऊन परमुलखात फिरत होता. सध्याच्या पगारात बहिणींची लग्नं आणि घर भागवताना मेंढरं सोडवत नव्हती. म्हणून मला ती नोकरी त्याला लागायला हवी होती, बाकी त्या कंपनीचं काही होवो.

मग कंपनीच्या मुख्य कचेरीतून हुकूम आला. माहितीपत्रकात जे रंगवलंय, त्याची जागेवर जाऊन खात्री करा. साहेब खूश झाले. खेडं बघायची त्यांची फार दिवसांची इच्छा होती म्हणे, जणू आम्ही तिकडं त्यांच्यासाठीच राहत होतो. मी त्या जिल्ह्यातली म्हणून, उमेदवाराला आधी काही कळवायचं नाही असं बजावून, मला बरोबर घेतलं. भाड्याची जीप केली. जिंतूर मागं पडलं तसा त्यांनी नाकाला रुमाल लावला तो परत येईपर्यंत काढला नाही.

वाटेत त्यांनी मला नियम सांगितला. कंपनीचं नाव घ्यायचं नाही, जागेचं नाव घ्यायचं नाही, कारण त्याच्या आत्ताच्या मालकांना कुणकुण लागता कामा नये. मुलाबद्दल चौकशी करायला आलोय, एवढंच म्हणायचं. मी म्हटलं, साहेब, आमच्याकडं मुलाची चौकशी एकाच कामासाठी करतात. ते म्हणाले, लोकांना फार विचार करू द्यायचा नसतो. एवढ्या एका विद्येवर त्यांनी पुण्यात बंगला बांधला होता.

गावाच्या तोंडाशी चहाचं हॉटेल होतं. तिथं घर विचारलं. हॉटेलवाल्यानं जीप पाहिली, साहेबांचे बूट पाहिले, माझं मंगळसूत्र पाहिलं आणि आम्हाला बसवूनच घेतलं. एक चहा झाला की दुसरा आला, दुसऱ्यानंतर घर लांब नाही, बसा की, असा आग्रह झाला. तो काहून अडवतोय हे साहेबांना कळलं नाही. मला कळलं, पण बोलून उपयोग नव्हता.

घरी पोचलो तर दारात ट्रॅक्टर उभा. त्याच्या चाकांच्या ताज्या खुणा शेजाऱ्याच्या दारातून निघून सरळ इथवर आल्या होत्या. अंगण झाडून सडा टाकला होता, तरी लेंड्यांचा वास हटत नव्हता. मेंढरं ओढ्याकडं पिटाळली होती आणि तिकडून त्यांचं ओरडणं ऐकू येत होतं. प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या, दोन लाल, एक हिरवी, एक कुठल्याच रंगाची न उरलेली. बाप नव्या धोतरात खुर्चीच्या कडेवर बसला होता, एक पाय लांब करून, कारण तो वाकत नव्हता. भोवती निम्मं गाव. तिशी उलटून गेलेल्या पोराला स्थळ आलं, तेही पुण्याचं, म्हटल्यावर गाव घरात बसेल कशाला? साहेब मुलीचे वडील ठरले होते आणि मी तिची मोठी बहीण.

मी बापाला सरळ सांगितलं, मामा, हे लग्नाचं न्हाई, नोकरीचं काम हाय. साहेबांनी माझ्यावर डोळे वटारले. त्याची काही गरज नव्हती, कुणी विश्वासच ठेवला नाही. मुलाचा चुलता हसून म्हणाला, नोकरी मागाय माणूस जातो, ताई, नोकरी का जीप करून दारात येती? सगळे हसले. मुलीकडचे लोक खरं काम आधी उघड करत नाहीत, हे त्यांना ठाऊक होतं, आणि मी कितीही नाही म्हटलं असतं तरी त्यानं त्यांची खात्रीच वाढली असती.

साहेबांनी कागद काढला. जमीन किती? चुलत्यानं शेजाऱ्याची जमीन सांगितली, विहिरीसकट. शेजारी बाजूलाच उभा होता, त्यानंही मान डोलावली. व्यसन? सुपारीसुद्धा नाही. मग साहेब म्हणाले, लहानपणी तो मेंढ्या राखायचा असं आम्ही ऐकलंय, ते खरं का?

कुणीतरी पुण्यापर्यंत जाऊन स्थळात मोडता घातला, हे प्रत्येकाच्या तोंडावर दिसत होतं. बाप खाली बघायला लागला. चुलता मात्र सावरून बसला.

"कोण म्हणालं तुमाला? आमच्या पोरानं मेंढराला कदी हात लावला न्हाई, साहेब. गडी होते त्याच्यासाठी. लाडाचं लेकरू हाय ते."

मग जो तो भर घालू लागला. तो पहिल्यापासून वसतिगृहात होता. उन्हात त्याला कुणी जाऊच देत नव्हतं. एका म्हातारीनं तर त्याला मेंढराच्या लोकरीनं खाज सुटती असं सांगितलं. त्या दोन वर्षांत तो ज्यांच्या बांधावरून कळप घेऊन गेला, तीच माणसं बिनचूक एका सुरात त्याची ती दोन वर्षं पुसत होती. यातलं एकही खोटं त्यांनी स्वतःच्या फायद्यासाठी बोललं नाही. साहेबांनी शेवटी बापालाच विचारलं. त्यानं वर न बघता नुसती नाही म्हणून मान हलवली. साहेब भराभर लिहीत होते. समोरचा पाय त्यांना दिसला नाही, ओढ्याकडचं ओरडणं ऐकू आलं नाही. माणसं ओळखायचा धंदा होता त्यांचा.

मी उठून आत गेले. मुलाची आई चुलीवर शिरा हलवत होती. तिच्याजवळ बसून मी म्हटलं, मावशी, शपथ घेऊन सांगते, त्यानं मेंढरं राखली हे बाहेर जाऊन सांगा, त्याच्यावरच त्याला मोठी नोकरी लागणार हाय. तिनं हात थांबवून माझ्याकडं पाहिलं आणि तिला हसू आलं.

"मेंढरं राखली म्हणून कोण मोठी नोकरी देतंय, बाई?"

ती शहाण्यासारखंच बोलत होती, वेडेपणा आमच्याकडचा होता. मग तिनं आवाज खाली घेतला.

"तुमी हट्ट्याच्या म्हणता, म्हंजी आपल्याच. तुमाला समदं कळलं असंल. कळलं तरी झाका. जमू द्या लेकराचं."

आणि माझ्या ताटलीत तिनं तुपाची जास्तीची धार सोडली.

परतताना जीपमध्ये साहेब रंगात आले होते. पक्का बनेल निघाला म्हणे, चांगल्या घरचा असून गरिबीचं सोंग आणतो. मी त्यांना ट्रॅक्टरचं सांगितलं, खुर्च्यांचं सांगितलं, स्थळ म्हणजे काय आणि मोडता म्हणजे काय हे सांगितलं. म्हटलं, गाडी वळवा, ओढ्याकडं जाऊन मेंढरं बघा. ते म्हणाले, आपण मत लिहीत नाही, माहिती लिहितो. कंदील ज्यानं पदरचा घातला होता, तोच माणूस मला हे सांगत होता. त्या दिवशी त्या माणसाची मला जी शिसारी आली, ती आजही गेलेली नाही.

तरी मी वेगळं पान लिहून अहवालाला जोडलं. साहेबांनी ते काढून टाकलं. डायरेक्टर फोनवर खूप हळहळला. गरीब नसला म्हणून माझं काही नाही, पण माणूस प्रामाणिक हवा, असं तो म्हणाला. मुलाखतीत भरलेले डोळे वाया गेल्याचं दुःख त्याला जास्त झालं असावं. जागा त्या कपाशीच्या झाडवाल्याला मिळाली.

नाकारलेल्या माणसाला कळवायची आमच्याकडं पद्धत नव्हती. मी फोन केला आणि सगळं सांगितलं. तो म्हणाला, घरी काही कळू देऊ नका, मॅडम, त्यांनी माझ्यासाठीच केलं. साहेबांबद्दल किंवा कंपनीबद्दल त्यानं एक वाकडा शब्द काढला नाही. त्याच्या वाटणीचे वाकडे शब्द मी कचेरीत काढले आणि नोकरी सोडली.

पुढच्या उन्हाळ्यात मी हट्ट्याला गेले होते. आईबरोबर जवळा बाजार या गावच्या आठवडी बाजारात गेले, तर मेंढरांच्या कडेला तो उभा दिसला, मुलाचा बाप. कळप घेऊन त्या बाजूला उतरला होता आणि दोन बकरी विकायला आणली होती. पाय तसाच. मला वाटलं ओळखणार नाही, पण त्यानंच हाक मारली. पाणी दिलं, प्रवासाची तकलीफ विचारली, माझ्या आईला हात जोडले. इकडचं तिकडचं झालं. मग काठीनं मातीत रेघ ओढत त्यानं विचारलं.

"ताई, राग न्हाई, पन एक सांगा. त्या टायमाला आमी काई कमी सांगितलं का?"

खरं सांगायचं नाही असा मी त्याच्या मुलाला शब्द दिला होता, आणि दिला नसता तरी कुठल्या तोंडानं सांगणार होते?

"न्हाई मामा. तुमी बराबर सांगितलं."

त्याच्या चेहऱ्यावरचं ओझं थोडं उतरलं. लांब गेलेल्या एका मेंढराला त्यानं हाक देऊन वळवलं.

"मग पोरीकडचेच तसले असतील," तो म्हणाला.

"व्हय मामा," मी म्हटलं. "तसलेच होते."