प्लगवरचं एक अक्षर

मुलुंडला आमच्या सोसायटीच्या मागच्या गल्लीत आमचा छोटा ट्रक उभा असायचा. आई झाडं भाड्यानं द्यायची. लग्नाच्या हॉलवर, एखाद्या ऑफिसच्या उद्घाटनाला पामच्या कुंड्या पोचवायच्या आणि दोन दिवसांनी परत आणायच्या. ट्रक बाबा चालवायचे. आई शेजारी बसायची, रेडिओ लावून. अजूनही कुठे ओल्या मातीचा आणि तापलेल्या रेक्झिनचा वास एकत्र आला की मी क्षणभर त्या केबिनमध्ये असते.

बाबांनी नोकरीभर एका कंपनीच्या पेट्रोल जीप सांभाळल्या होत्या. प्लगांना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर जरासा फिरवायचा, कान द्यायचा, टायमिंग लागलं. निवृत्तीनंतर घेतलेला सीएनजी गॅसवरचा ट्रकही जुनाच होता, पण त्याची ठिणगी कधी पडायची ते सीटखालच्या डब्यातला कॉम्प्युटर ठरवायचा. बाबांना तो डबा आवडत नसे. त्याला ते 'साहेब' म्हणत.

एका वर्षी ट्रक चढावर दमायला लागला. प्लग आणि त्यांच्या वायरी बदलायला झाल्या होत्या. बाबा मला घेऊन घाटकोपरच्या एका स्पेअरपार्टच्या दुकानात गेले. दुकानदारानं काढून दिलेले प्लग त्यांनी परत केले. यात मध्ये रेझिस्टर असतो, तो ठिणगीचा जोर खातो, मला जीपला लागायचे तसले साधे द्या आणि वायरी तांब्याच्या द्या, असं म्हणाले. गाडी कॉम्प्युटरवाली आहे का, असं दुकानदारानं विचारलं. बाबा म्हणाले, ठिणगी ती ठिणगी. आटे जुळले, लांबी जुळली, काम झालं. बाबांनी स्वतः प्लग बसवले आणि संध्याकाळी ट्रक झकास पळाला म्हणून आम्हाला वडापाव खाऊ घातले.

आठवड्याभरात ट्रक धक्के खायला लागला. समोर इंजिनाचा पिवळा दिवा लागला. भांडुपला भर रस्त्यात, मागे चाळीस कुंड्या असताना, तो बंदच पडला. मेकॅनिकनं गॅसचा फिल्टर बदलून पाहिला आणि मग डबाच गेलाय म्हणून सांगितलं. बाबांना आतून बरंच वाटलं असावं. आमचे दोन रविवार कुर्ल्याच्या भंगारवाल्यांकडे तसाच डबा शोधण्यात गेले. दिसायला सारखे पुष्कळ होते, पण आमच्या नंबरचा एकही मिळाला नाही.

दुसऱ्या रविवारी आम्ही हात हलवत परत आलो. आई चहा गाळता गाळता म्हणाली, "प्लग बदललेत ना, तेव्हापासून रेडिओ खरखरतोय. गाडी जोरात गेली की खरखरही वाढते."

रेडिओही म्हातारा झालाय, असं बाबा म्हणाले. मी मात्र खाली गेले. जुने प्लग बाबांनी एका रिकाम्या कुंडीत टाकले होते. पुसून पाहिले तर त्यांच्या नंबरात इंग्रजी आर होता. नव्यांच्या नंबरात तो नव्हता.

सकाळी दोन्ही प्लग घेऊन बाबा आणि मी दुकानात गेलो. आर म्हणजे रेझिस्टर, दुकानदार म्हणाला. तो नसला की ठिणगीतून गोंगाट सुटतो. रेडिओ तो पकडतो, डबाही पकडतो, आणि डब्याला इंजिनाचे खरे इशारे नीट कळेनासे होतात. बाबांनी चष्मा लावून ते अक्षर बराच वेळ पाहिलं. मग आरवाले चार प्लग आणि मूळच्यासारख्या वायरी घेतल्या.

गल्लीतच त्यांनी सगळं बसवलं. ट्रक सुरू केला, रेडिओ लावला. बातम्या स्वच्छ ऐकू आल्या. बाबांनी इंजिन बंद केलं आणि शेजारी बसलेल्या आईला विचारलं,

"तुला कधीपासून ऐकू येत होती खरखर?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही इतके खूश होतात," आई म्हणाली.

 त्यानंतर रोज निघताना ते तिला विचारायचे, आवाज बरा वाटतोय ना. तिनं मान डोलावल्याशिवाय गिअर टाकत नसत.

पुढे तीन वर्षं ट्रक चालला. मग आईला कुंड्या उचलवेनात आणि बोरिवलीच्या एका नर्सरीवाल्याला आम्ही तो दिला. त्या रविवारी आई-बाबा बसनं मावशीकडे गेले, मीही बरोबर होते. ड्रायव्हर गिअर उशिरा टाकतो, असं बाबा सारखं तिच्या कानात सांगत होते. आई हो हो म्हणत खिडकीबाहेर कुणाच्या बाल्कनीतली झाडं बघत होती.