ओळंब्यात न बसलेली इमारत

आमच्या बाल्कनीसमोर बावीस मजल्यांची एक इमारत आहे. आता 'आहे' म्हणता येतं. त्याआधी सात वर्षं ती नुसती 'होणार' होती. शरणपूर रोडच्या आतल्या अंगाला पूर्वी लाकडाची वखार होती. तिथे एके दिवशी निळे पत्रे उभे राहिले आणि पत्र्यांवर एका गोऱ्यागोमट्या कुटुंबाचं चित्र आलं. नवरा, बायको, दोन पोरं आणि एक कुत्रा. सगळे दात दाखवत होते, कुत्रासुद्धा. इमारतीचं नाव कुठलंसं इटालियन, कोपऱ्यावरचे रिक्षावाले ते तीन तऱ्हांनी म्हणायचे. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. प्रत्येक बाल्कनीतून म्हणे गोदावरी दिसणार होती. दिसेल की, मधला बसस्टँड आणि अख्खा भद्रकालीचा बाजार कुणी उचलून बाजूला ठेवला तर.

मी सातपूरच्या एका कारखान्यात सदतीस वर्षं तपासणी खात्यात होतो. मशीनवरून उतरलेला भाग माझ्या टेबलावर यायचा आणि मी तो पास करायचो नाहीतर परत पाठवायचो. परतच जास्त. शिफ्टमधली मंडळी पाठीमागे मला 'रिजेक्ट' म्हणायची. मला ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडायचंही. मापाची उपकरणं होतीच, पण मी आधी तो भाग उजेडाकडे धरायचो, डावा डोळा मिटायचो आणि उजवा लावायचो. बहुतेक वेळा निकाल तिथेच लागायचा, उपकरण नुसतं साक्षीला. असला माणूस निवृत्त होऊन बाल्कनीत बसला आणि समोर बांधकाम निघालं, तर तो काय जपमाळ ओढत बसणार?

पहिलं दीड वर्ष त्यांनी खड्डाच खणला. पावसाळ्यात त्यात इतकं पाणी साठलं की बगळे येऊन राहिले. मग पितृपक्ष लागला. मग मजूर दिवाळीला गावी गेले, ते छठ करून, तिकडची लग्नंबिग्नं उरकून संक्रांतीला उगवले. मग वाळू मिळेना. चार मजले कसेबसे चढले आणि घोडं जे अडलं ते वर्षभर अडलं. वर निघालेल्या सळया गंजून लाल झाल्या, कावळ्यांना बसायची सोय झाली. काम बंद, पण गणपतीत त्या उंच क्रेनवर दिव्यांची माळ मात्र न चुकता. अरे, आधी भिंत बांधा, मग तोरण लावा.

आमच्या शेजारच्या फ्लॅटमधले गृहस्थ नाशिक रोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेले. आयुष्यभर नोटांची छपाई पाहिलेला माणूस, त्यामुळे जगातली कुठलीही गोष्ट सावकाश झाली की त्यांना ती चांगलीच वाटते. ते संध्याकाळी त्यांच्या बाल्कनीत येऊन म्हणायचे, होऊ द्या हो सावकाश, घाईचं काम चुकतं. मी म्हणायचो, सावकाश चुकलेलं कामही चुकलेलंच असतं. त्यांच्याशी बोलण्यात अर्थ नव्हता, पण दुसरं बोलायला तरी कोण होतं?

तर हे घोडं चौथ्या मजल्यावर पेंड खात असतानाच आमच्या लेकीने त्या इमारतीतला अकरावा मजला बुक केला. अकरावा मजला तेव्हा हवेत होता, तिथे घारी फिरत होत्या. लेक आणि जावई पुण्यात, दोघंही कॉम्प्युटरवाले, काम घरून चालायचं. दोघांनी ठरवलं की नाशकात, आईबाबांसमोरच राहायचं. मी म्हटलं, या कासवाच्या पाठीवर तू बसणार? ती हसली आणि म्हणाली, तेवढ्यात तुमची नात शाळेत जाण्याएवढी होईल.

बायकोला तर आकाश ठेंगणं झालं. नातीला शाळेतून कोण आणणार, चार वाजता गरम थालीपिठाचा डबा कोण पोचवणार, सगळं तिने तिथल्या तिथे ठरवून टाकलं. मेन रोडवरून एक लालभडक टॉवेल आणला. लेकीने अकराव्या मजल्यावर तो वाळत टाकला की समजायचं, चहाला बोलावतेय. फोन नाहीत का, मी विचारलं. फोनला काय मजा, म्हणाली. तो टॉवेल कपाटात नव्या साड्यांच्या शेजारी घडी घालून ठेवला होता. एकुलती एक मुलगी रस्त्यापलीकडे राहायला येणार, एवढंच काय ते त्या काळात आमच्या घरात चालू होतं. त्यामुळे ही इमारत नीट होणं मला आता शेजाऱ्यांइतकं परकं राहिलं नव्हतं.

काम पुन्हा सुरू झालं तसा मी पितळी ओळंबा विकत आणला. ओळंबा म्हणजे गवंड्याचं ते दोरीला लोंबणारं वजन, भिंत सरळ आहे की नाही ते सांगणारं. बाल्कनीतल्या झोपाळ्याच्या कडीला तो टांगला आणि रोज सकाळी चहा झाला की डावा डोळा मिटून त्या दोरीशेजारी इमारतीची कड धरायचो. सहा मजले ठीक होते. सातव्याला पोट आलं. भिंत मध्येच चांगली बाहेर फुगलेली. मी तीन दिवस पाहिलं, कारण मी उगाच तोंड उचलून बोलणारा माणूस नाही. चौथ्या दिवशी चप्पल घातली आणि साइटवर गेलो.

तिथला इंजिनियर म्हणजे मिसरूड फुटलेला मुलगा, डोक्यावर पिवळं टोपडं. काका, बसा, पाणी घ्या, असं अगदी गोड बोलला. गोड बोलणाऱ्याचा माल मी नेहमी दोनदा तपासत आलोय. त्याने कागद दाखवले, मग त्यांचं ते तीन पायांवरचं मोजणीचं यंत्र लावून दिलं आणि म्हणाला, तुम्हीच बघा. मी डावा डोळा मिटून पाहिलं. त्यातूनही पोट स्वच्छ दिसलं. मी म्हटलं, बाळा, तुझ्या यंत्रातूनसुद्धा दिसतंय की. तो माझ्याकडे बघतच राहिला. मला वाटलं, चोरी पकडली गेली म्हणून.

पुढे तर कहरच झाला. आठवा मजला चढला, पोट आठव्यावर. दहावा चढला, पोट दहाव्यावर. म्हणजे प्रत्येक मजल्यावर तीच चूक. एकदा चुकतो तो माणूस, रोज चुकतो तो गाढव, हे मी अख्ख्या सोसायटीला ऐकवलं. शेजाऱ्यांनी डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाले, मला तर सरळ दिसते बुवा, आणि तुमचं पोट मागच्या महिन्यात सातव्यावर होतं ना? मी म्हटलं, ते त्यांनी प्लास्टरखाली लपवलं. नोटा मोजणाऱ्याला काय कळणार ओळंबा? खुद्द ओळंब्याच्या दोरीलाही मधूनमधून बाक दिसायचा. दोरीला पीळ पडला असणार म्हणून मी ती काढून नायलॉनची बांधली. तिलाही दिसायला लागला. हल्लीच्या मालात काही राम राहिला नाही, असं म्हणून मी तो विषय संपवला.

चौदाव्या मजल्याचा स्लॅब टाकला त्या दिवाळीत लेक आली. नात खाली फटाके उडवत होती. मी लेकीला बाल्कनीत बोलावून सगळं सांगितलं, सातव्यापासून चौदाव्यापर्यंत. तिने इमारतीकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ पाहिलं, आणि म्हणाली की तिला काही तसं जाणवत नाही. मग माझ्याकडे वळली.

"बाबा, तुमची खात्री आहे?"

"पोरी, मी सदतीस वर्षं हेच केलं. या इमारतीत मी पाय ठेवणार नाही आणि नातीलाही झोपू देणार नाही."

लहानपणी तिच्या भूमितीच्या वहीतली रेघ मी अशीच डोळ्यासमोर धरून 'तिरकी आहे' म्हणायचो. ती पट्टी लावून बघायची आणि रेघ तिरकीच निघायची. तेव्हापासून तिने माझ्यापुढे पट्टी लावणं सोडून दिलं होतं. जावयाने त्या दिवशी पुष्कळ समजावलं, कागद दाखवले, सरकारी परवानग्या दाखवल्या. आतल्या खोलीतून मला लेकीचा आवाज ऐकू आला. ती म्हणत होती, "बाबांची नजर चुकत नाही." मला काय अभिमान वाटला म्हणून सांगू.

बुकिंग रद्द झालं. पुण्यातच बाणेरला त्यांनी जागा घेतली, नातीचं नाव तिथल्या शाळेत घातलं. बायकोने कपाटात जपलेला तो लाल टॉवेल एके दिवशी भांडीवाल्या बाईंच्या खांद्यावर दिसला.

इमारत पूर्ण व्हायला पुढे दोन वर्षं लागली आणि ती दोन वर्षं मी तिला शिव्या घालत बाल्कनीत बसलो. फीत कापायला कुणी पुढारी आला, ढोल वाजले, पेढे वाटले. सोसायटीत पेढ्याचा पुडा आला तो मी परत पाठवला. रिजेक्ट. मजल्यामजल्यावर माणसं राहायला आली. अकराव्या मजल्यावर कुणाचे तरी कपडे वाळत पडू लागले. बायको सकाळी केर काढता काढता तिकडे बघायची आणि मग केर काढायची. मला वाटायचं, बघ बघ, एक दिवस पडेल तेव्हा कळेल तुला मी काय केलंय ते. आज लिहिताना लाज वाटते, पण मी खरोखरच त्या इमारतीला तडा जायची वाट बघत होतो, आत माणसं राहत असताना.

दरम्यान चहा बशीबाहेर सांडायला लागला. कुलपाला किल्ली सापडेना. पेपरातल्या ओळी मध्येच खचल्यासारख्या दिसायच्या. मी पेपरवाल्याला बोल लावला, छापखान्यांचा दर्जा घसरला म्हणून. बायको म्हणाली, अहो, एकदा डोळे दाखवून या. मी म्हटलं, माझ्या डोळ्यांना काय धाड भरलीय? शेवटी एक दिवस जिन्याची पायरी चुकली आणि गुडघा फुटला, तेव्हा ती मला हाताला धरूनच घेऊन गेली.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई लेकीच्याच वयाच्या. त्यांनी चौकटीचौकटींचा एक कागद समोर धरला, गणिताच्या वहीत असतो तसा, मधोमध एक ठिपका. डावा डोळा झाका आणि ठिपक्याकडे बघा, म्हणाल्या. डावा झाकायची मला सवयच होती. बघितलं आणि मला हसूच आलं.

"बाई, हा कागद बदला. छपाई सदोष आहे. मधल्या रेघांना पोट आलंय."

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, आता उजवा झाका.

मी उजवा झाकला. सगळ्या रेघा सरळ झाल्या. उभ्या, आडव्या, एकूण एक. मी पुन्हा डावा झाकला, पुन्हा उजवा झाकला. असं किती वेळा केलं कोण जाणे, शेवटी बायकोने माझा हात धरून खाली घेतला. बाई समजावत होत्या की उजव्या डोळ्याचा पडदा मध्यभागी खराब झालाय, आपण जिथे बघू नेमकं तिथेच वाकडं दिसतं, हा रोग सावकाश वाढतो, गेलं ते परत येणार नाही, पण डावा सांभाळता येईल. दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा सांभाळून घेतो, म्हणून सुरुवातीला लक्षात येत नाही, म्हणाल्या. मी जन्मभर तो चांगला डोळा मिटत आलो होतो.

घरी आलो आणि चपलाही न काढता बाल्कनीत गेलो. उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला. खालपासून वरपर्यंत बावीस मजले, ओळंब्याच्या दोरीशेजारी दुसरी दोरी सोडल्यासारखे सरळ. सातवा सरळ, अकरावा सरळ. अकराव्यावर एक बाई गॅलरीत कुंडीला पाणी घालत होती. कुसळ-मुसळाची म्हण मला कुणी ऐकवू नये, ती मी स्वतःला पुरेशी ऐकवून झालोय. सदतीस वर्षांत मी परत पाठवलेल्या मालातला एकही तुकडा माझ्याइतका टाकाऊ नव्हता.

बायको मागे उभी होती. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने फोन लावला आणि माझ्या हातात दिला. लेकीने पहिल्या घंटीलाच उचलला. मी तिला म्हणालो की ती इमारत सरळ आहे, पहिल्यापासून सरळ होती, माझा डोळा गेलाय. मला वाटलं, आता ती घराचं काढेल. काढायलाच हवं होतं. मी ऐकून घ्यायला तयार होतो. तिने घराचा शब्दही काढला नाही. तिकडून नातीचा कसलासा पाढा ऐकू येत होता.

"कधीपासून दिसत नव्हतं, बाबा?" तिने विचारलं.

"सातव्या मजल्यापासून," मी म्हणालो.