गुरुवारची माणसं

या इकडे, जरा जवळ सरका. आणि तो हातातला फोन आधी पालथा घाला बघू. नलू गेली तेव्हा "ताईजी, तिच्यावर काहीतरी लिहा ना" म्हणून ज्यांनी ज्यांनी मला भंडावलं, त्यांच्यातलं एकही माणूस नंतर माझ्या दारी फिरकलं नाही. मोबाईलवर हात जोडलेले पाठवले की झालं तुमचं! असो. लिहिते. पण मध्येच उठायचं नाही, आणि मी गोड गोड लिहीन अशी आशाही ठेवायची नाही. नलू माझी सख्खी धाकटी बहीण. ती गेल्याचं दुःख आहेच, ते काय वेगळं सांगायचं... पण त्या दुःखाला चिकटून दुसरं काहीतरी आहे, आणि त्याला सरळ नावानं हाक मारायची तर तो मत्सर आहे. या वयात, नातवंडं झाल्यावर, मला माझ्या मेलेल्या बहिणीच्या माणसांचा मत्सर वाटतो.

त्या सकाळी फोन आला तो मुग्धाचा. मुग्धा म्हणजे नलूच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहणारी मुलगी; लातूरची, इथे एका कंपनीत कम्प्युटरवर काम करते. "ताई, मावशींना ॲडमिट केलंय, तुम्ही लगेच या." मी तशीच रिक्षात बसले. हॉस्पिटलचा जिना चढून धापा टाकत पोहोचते तोच आतून नर्स आली आणि म्हणाली, "नलिनीजी के घरवाले कौन हैं?" मी तोंड उघडायच्या आत बाकावरची तीन माणसं एकदम उभी राहिली. एक मुग्धा. दुसरे कैलाशभिया, इंदुरात भैयाला भियाच म्हणतात; जुनी इंदूर भागातल्या नलूच्या गल्लीत कूलर-मिक्सर दुरुस्त करतात ते. तिसरे पागे सर, शेजारचे, शाळेतून रिटायर झालेले ड्रॉइंगचे मास्तर. नर्सनं जे सांगायचं ते त्यांच्याकडे बघून सांगितलं. मी मागे उभी. माझी बहीण गेली हे मला त्या तिघांच्या खांद्यांमधल्या फटीतून कळलं.

ही माणसं आली कुठून, ते सांगते. ती आली भुतांमधून. चेष्टा नाही. दोनेक वर्षांपूर्वी नलूचा टीव्ही बिघडला, कैलाशभियांनी तो दुरुस्त केला आणि नीट चालतोय का बघायला म्हणून जे हाती लागलं ते लावलं. ती एक हिंदी मालिका होती, भुताखेतांची. नाव नाही घेत, फुकटची जाहिरात कशाला? भिया उभ्याउभ्या बघत राहिले, मग खुर्ची ओढून बसले. वरून मुग्धा किल्ली मागायला आली, ती दारातच थांबली. पागे सर पेपर परत करायला आले होते. ते अजूनही म्हणतात, "मी ती मालिका बघत नाही, मी फक्त तिथे असतो." तेव्हापासून दर गुरुवारी संध्याकाळी नलूच्या पुढच्या खोलीत चहा, शेव-परमल म्हणजे आपले शेव-कुरमुरे, आणि भुतं. मी कधी गुरुवारी फोन केला तर, "ताई, आत्ता नको गं, आपली माणसं आलीयेत." आपली माणसं! मग मी कोण होते?

आता मागचं थोडं सांगावं लागेल. नलूचे यजमान वसंतराव मानपुरच्या पुढे घाटात गेले. गाडी वळणावर उलटली. गाडीत नलूही होती, तिला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. कुणी येईपर्यंत ती त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती एवढंच आम्हाला माहीत, तेही पोलिसांकडून. तिनं कधी काही सांगितलं नाही आणि आम्ही कधी विचारलं नाही. आमच्या माहेरची रीतच तशी. कुणावर आभाळ कोसळलं तर त्याचं नाव काढायचं नाही, त्याला खायला घालायचं. मी नेमानं डबे नेले. उंधियू म्हणू नका, भरली वांगी म्हणू नका, आंबट वरण म्हणू नका. तिला मराठी समाजाच्या कार्यक्रमांना ओढून नेलं, लग्नाकार्यात पुढे बसवलं. आणि पुण्या-नाशिकची बस त्याच घाटातून जाते; तिकडे जायचं झालं की ती म्हणायची, "बसनं मला मळमळतं, आपण ट्रेननं जाऊ." सगळ्या घरानं ते मानलं होतं. नलूला बस लागते. लहानपणी उज्जैनच्या बसमध्ये खिडकीशी बसून सबंध रस्ता गाणी म्हणणारी नलू... तिला बस लागते!

ती गेल्यावर मी ती मालिका बघितली. सबंध. नातवानं लावून दिली आणि मी हट्टानं बघितली, सवतीचा फोटो बघावा तशी. मला वाटलं होतं मिरच्या-लिंबं, विजा, केस मोकळे सोडलेली बाई. तसलं काही नाही. घाटात एक बंद पडलेला ढाबा आहे. पुरात सगळं घर वाहून गेलेली एक बाई तो चालवते. तिच्याकडे एक नोकरी गेलेला कंपाउंडर राहतो आणि घरातून पळून आलेली एक मुलगी. कुणाचं कुणाशी नातं नाही. संध्याकाळ झाली की रस्त्यावर मेलेली माणसं तिथे येतात. पण त्यांना हाकलायला ना मांत्रिक ना मंत्र. बाई त्यांना खुर्ची देते, समोर बसते आणि म्हणते, "फिर?" बस. भूत सांगतं. एक ट्रक ड्रायव्हर येतो, तो तीन-चार भाग तेच तेच सांगतो आणि दर वेळी त्याच ठिकाणी थांबतो. आपण इकडे वैतागतो, पण तिथे कुणी त्याला घाई करत नाही. चांगलं केलंय, नाही कसं म्हणू? भूत म्हणजे मेलेलं माणूस नव्हेच त्या मालिकेत. ज्याला तेच तेच दिसत राहतं आणि त्याच्या पुढे जाता येत नाही, ते भूत. मग ते जिवंत असो की मेलेलं. ती बाई स्वतः घाट उतरू शकत नाही हे आपल्याला फार उशिरा कळतं. आणि तेव्हा ती मुलगी खुर्ची ओढून तिच्या समोर बसते.

पण माझी एक तक्रार आहे, आणि ती मी कुणाही समीक्षकासमोर करीन. त्या मुलीची खरी आई कुठेय? कंपाउंडरचा भाऊ कुठेय? एका भागात तो भाऊ येतो, फाटकाशी उभा राहतो, पिशवीतून काहीतरी आणलेलं असतं, आणि निघून जातो. पुढे त्याचं नावसुद्धा नाही. परक्यांचं घर कसं जुळलं ते छान दाखवलं हो... फाटकाशी पिशवी घेऊन उभ्या असलेल्याचं काय? मी टीव्हीवर ओरडले. नातू आतून म्हणाला, "आजी, कुणाशी भांडतेयस?"

तेराव्याला ही तिघंही आली. खांद्याला खांदा लावून कामं केली, खोटं कशाला बोलू. पंगत उठल्यावर कैलाशभिया माझ्याजवळ आले. माळव्यातलेच, घरी माळवी बोलणारे, पण नलूजवळ बसून मराठी शिकलेले. हात जोडून म्हणाले, "ताईजी, आम्ही तर बाहेरचे. तुमचा तर दीदीशी खूनचा नाता आहे."

मुग्धानं तोंडावर पदर... म्हणजे ओढणी घेतली. पागे सर छताकडे बघायला लागले. मी म्हटलं, "काय झालं हसायला?"

"ताई, सॉरी," मुग्धा म्हणाली. हसता हसता तिचे डोळे गळायला लागले होते. "मालिकेत ते 'खून का रिश्ता' आलं होतं ना, भियांनी मावशींना मराठी करून सांगितलं, खुनाचं नातं. मावशी इतक्या हसल्या की चहा सांडला. तेव्हापासून..."

"तेव्हापासून काय?"

पागे सरांनी खाकरून सांगितलं, "तेव्हापासून नातेवाईक यायचे असले की त्या म्हणायच्या, आवरा रे, आज खुनाची माणसं येणार आहेत."

म्हणजे मी इकडे भरली वांगी डब्यात भरत असताना तिकडे ही चौघं... हसूही आलं मला, काय करू? आमच्या नलूचंच बोलणं ते, कानात ऐकू आलं. पण हसून झाल्यावर जे उरलं ते फार कडू होतं.

त्याहून कडू पुढेच होतं. मुग्धा फोनमधले नलूचे फोटो दाखवत होती. एकात नलू हायवेवरच्या टपरीवर बसलेली, हातात चहाचा ग्लास, डोळे बारीक करून हसतेय. मी विचारलं, "हे कुठलं?" मुग्धानं भियांकडे बघितलं. मग भियाच बोलले. "मानपुर, ताईजी. दीदी बोलली, मला तो मोड बघायचा आहे, ते वळण. मी व्हॅन काढली."

त्यांनी तिला तिथे नेलं होतं. माझ्या बहिणीला, जिला आम्ही सगळ्यांनी मिळून इतकी वर्षं त्या रस्त्यापासून जपलं, तिला हा कूलरवाला आणि ही भाडेकरू घाटात घेऊन गेली आणि मला पत्ता नाही! मी म्हटलं, "मला सांगावंसं वाटलं नाही तिला?" आवाज चढलाच माझा. मुग्धा खाली बघत म्हणाली, "मावशी म्हणाल्या, ताईला सांगू नका. ती माझ्यासाठी डबा भरेल आणि माझ्याआधी रडेल. मग मला तिलाच समजवावं लागेल."

खरं होतं ते. मी पानं उचलायला निघून गेले.

पुढच्या गुरुवारी मी नलूच्या घरी गेले ती कपाट आवरायला. खरं सांगू, मनात होतं की ही बैठक आता मोडावी. टीव्ही माझ्या मुलाकडे पाठवून द्यावा. माझं एवढं तरी चालेल ना त्या घरात? पुढच्या खोलीत तिघं होती, आणि टीव्ही बंद. नलूनं जिथवर बघितलं होतं तिथेच थांबलेत, पुढचं एकानंही बघितलेलं नाही. पागे सर उठून उभे राहिले आणि म्हणाले, "ताई, हे घर आता तुमचं. तुम्ही म्हणाल तर लावू, नाहीतर आम्ही निघतो." चपला घालायची तयारी त्यांची.

मी दारात उभी. हातात पिशवी होती, सवयीनं काहीतरी करून आणलेलं. आणि त्या घडीला मला कळलं की मी यांना घालवलं तर जे यांच्याकडे आहे ते मला कधीच मिळणार नाही. मानपुरच्या त्या दुपारची नलू यांच्याकडे आहे. मी आत गेले, बसले आणि सौदाच केला. म्हटलं, "तुम्ही मला मानपुरचं सगळं सांगा, काही गाळायचं नाही. मी तुम्हाला तिचं लहानपण देते. ते तुमच्यातल्या कुणाकडे नाही."

कैलाशभियांनी सांगितलं. वळणावर तिनं व्हॅन थांबवायला लावली, इंजिन बंद करायला लावलं. उतरली. कठड्यापर्यंत गेली, इकडून तिकडे बघितलं, पुन्हा बघितलं. मग म्हणाली, "अरे... एवढंसंच वळण आहे. मला वाटत होतं केवढं असेल." आणि म्हणाली, चला, चहा पिऊ.

मी रडले. पण सगळ्यांच्या आधी नाही. भिया आधी रडले, बघून घ्या.

मग मी सांगितलं. ती शाळेच्या गॅदरिंगला झाड झाली होती आणि प्रेक्षकांत मला बघून हात हलवला होता ते. गौतमपुऱ्याच्या आत्याकडचं बकरीचं पिल्लू फ्रॉकमध्ये लपवून घरी आणायला निघाली होती ते. मुग्धा म्हणे, "आणखी सांगा ना." आणखी सांगितलं. एक मात्र नाही सांगितलं. आम्ही दोघीच होतो तेव्हा, एका चादरीत. ते माझं आहे. ते मी कुणाला देणार नाही, तुम्हालाही नाही.

आता मी दर गुरुवारी जाते. पत्ता विचारायची गरज नाही. गल्लीत शिरलात की भुतांचं बोलणं ऐकू येतं. नलूला डाव्या कानानं कमी ऐकू यायचं, म्हणून टीव्हीचा आवाज हा एवढा मोठा, शेजारपाजारचे कावलेले. तिघांचेही कान चांगले आहेत, माझेही आहेत, तरी आवाज तेवढाच असतो. परवा नवीन कुणीतरी येऊन तो कमी करायला गेलं, तर मीच त्याच्या हातावर चापट मारली. तेव्हा या एकदा, मेसेज पुरे झाले. येत्या गुरुवारीच या, उशीर करू नका. तिच्या आठवणी तुमच्याकडे असतील त्याही घेऊन या. ऐकून घेऊ. पण लहानपणचं काही असलं, तर आधी मला विचारायचं.