पाण्याची गोळी आणि वरचा पिंजरा

आमच्या घरात निम्मं बोलणं हातांनी होतं. घरात कुणी मुकं नाही की बहिरं नाही. आमचे हे जन्मभर क्रेन चालवत आले, त्याचं हे फळ. बोट वर करून गोल फिरवलं की गॅस मोठा कर. तळवा पालथा धरून हळूहळू खाली नेला की बारीक कर. आणि आवळलेली मूठ वर धरली की थांब, आहेस तिथेच थांब. नवी नवरी होते तेव्हा मला वाटायचं, ह्यांना माझ्याशी बोलायचंच नाही. सासूबाई म्हणाल्या, "अगं, तो दिवसभर वर बसून खालच्यांचे हात बघतो. जीभ गंजलीय त्याची. तूच शिकून घे." मग शिकले. देवाची स्तोत्रं जशी पाठ केली, तशीच ही खूण-भाषाही.

ह्यांची क्रेन लोखंडी मालाच्या एका मोठ्या शेडमध्ये. छपराखाली दोन्ही भिंतींच्या कडेने रूळ, त्यांवरून सरकणारी क्रेन आणि तिला लटकलेली एवढीशी काचेची केबिन. सगळे तिला पिंजराच म्हणतात. आत एक खुर्ची, दोन दांडे आणि पाण्याची बाटली. वर जायला भिंतीला जडवलेली उभी शिडी. सकाळी चढलं की जेवणाच्या सुट्टीपर्यंत उतरायचं नाही, कारण हे उतरले की खालची सगळी माणसं हात बांधून उभी.

एकदा कंपनीने घरच्या मंडळींना आत नेऊन काम दाखवलं होतं. ह्यांनी लोखंडी पाइपांची मोळी उचलली, आमच्या डोक्यांपासून लांबून फिरवली आणि ट्रकवर ठेवली. मी कानांवर हात ठेवून तयारीत होते. आवाज झालाच नाही. निजलेलं मूल पाळण्यात ठेवावं, तशी ती मोळी टेकली. खाली उभं राहून ह्यांना इशारे करणारे जोडीदार माझ्याजवळ आले नि म्हणाले, "वहिनी, पुढच्या वेळी घरून अंडं घेऊन या. मोळीखाली ठेवू. तुमच्या नवऱ्याच्या हातून फुटायचं नाही." ह्या गृहस्थांचं काम हातांनी बोलायचं आणि तोंडाला मात्र खंड नाही, म्हणून सगळे त्यांना पोपट म्हणतात. मीही पोपटभावोजीच म्हणते. ते ओ देतात.

जमिनीवर मात्र आमच्या ह्यांना फारशी गती नव्हती. बाजारात कुणीही फसवावं. चार माणसांत बसले तर कोपऱ्यात. शेजारच्या बाईंनी एकदा मला विचारलं होतं, "तुमच्याकडे ते शांत गृहस्थ कोण राहतात?" पण शेडमध्ये नवा माणूस आला की त्याला आधी वर बोट करून दाखवत, "ते आपले वरचे. ते हो म्हणाले तरच माल हलतो."

मग एका सकाळी त्याच शिडीच्या मध्यावर छातीत कळ आली. हे म्हणे तसेच शिडीला कवटाळून उभे राहिले. पुढचं सगळं पटापट झालं. दवाखाना, हृदयाच्या नळीत बसवलेली स्प्रिंग, आणि मग पिशवीभर गोळ्या घेऊन घरी. हृदयाच्या तज्ज्ञ डॉक्टरीणबाई आमच्या लेकीच्या वयाच्या. त्यांनी बजावलं, "काका, गोळी मनाने बंद करायची नाही, मनाने वाढवायची नाही. काही त्रास झाला तर मला सांगायचं." ह्यांनी नंदीबैलासारखी मान हलवली.

तेव्हापासून मी नेम केला. सकाळी देवापुढे दिवा लावायचा आणि लगेच ह्यांच्या तळव्यावर गोळ्या ठेवायच्या. म्हणजे दोन्हींतलं काही विसरायला नको. डॉक्टरांनी लिहिलेली नावं आमच्या जिभेला वळत नाहीत, म्हणून आम्ही गोळ्यांना आमची नावं दिली. ठोक्यांची, दाबाची, रक्ताची आणि पाण्याची.

माणूस वाचला, त्याबद्दल देवाचे उपकार कसे विसरू? पण प्रत्येक गोळीने येताना आपापलं बिऱ्हाड आणलं. ठोक्यांच्या गोळीने हात गार पडले. हे म्हणायचे, "दांडा गार आहे की माझा हात, तेच कळत नाही." दाबाच्या गोळीने घोटे सुजायचे. संध्याकाळी मी खाली बसून बूट ओढून काढायची, आत मोज्याचा वळ उठलेला असायचा. रक्त पातळ करणाऱ्या गोळीमुळे जरा कुठे टेकलं की निळा डाग. दाढी करताना कापलं तर टॉवेल लाल व्हायचा. झटकन उठलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची, म्हणून पलंगावरून उठायचं तेही हप्त्याहप्त्याने. आधी बसायचं, मग पाय सोडायचे, मग भिंत धरायची. नवराबायकोतल्या आणखीही काही गोष्टी असतात. त्या मी रोजनिशीतसुद्धा लिहिल्या नाहीत, इथेही लिहीत नाही.

आणि पाण्याची गोळी. ती पोटात गेली की सकाळभर माणसाला उसंत नाही. सारखं उठायचं. घरी ठीक होतं. वर पिंजऱ्यात काय करणार?

कंपनीने ह्यांना पुन्हा चढायला परवानगी दिली, पण एका अटीवर. दर महिन्याला कंपनीच्या दवाखान्यात रक्तदाब मोजायचा. ठरलेल्या आकड्याच्या वर गेला, तर त्या दिवसापासून शिडी बंद. कोंडी इथेच झाली. सगळ्या गोळ्या घ्याव्यात तर वर बसवत नाही, न घ्याव्यात तर वर चढवत नाहीत.

मला हे सगळं कळलं ते औषधांच्या दुकानात. दुकानदार नेहमीचा. म्हणाला, "काकू, दाबाच्या गोळ्या इतक्यात संपल्या? आणि पाण्याच्या नकोत? मागच्या खेपेला काकाही नको म्हणाले." मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली आणि घरी आले. हे खिडकीशी बसले होते.

"अहो, दाबाच्या गोळ्या लवकर कशा संपतात?"

"उंदीर खात असतील."

"उंदरांना दाब आहे का?"

"तुझ्या घरातल्या उंदरांना असणारच."

मला हसू आलं, आणि हसू आल्याचाच जास्त राग आला. मी समोर जाऊन उभी राहिले. "मी रोज देवासमोरून उठून तुमच्या हातावर गोळ्या ठेवते. त्यातली पाण्याची जाते कुठे?"

"खिशात. तिथून पुन्हा पिशवीत," हे म्हणाले. "सुट्टीच्या दिवशी घेतो की. कामाच्या दिवशी घेऊन काय करू? वरून पोपटाच्या डोक्यावर अभिषेक घालू?"

"आणि दाबाची?"

"तपासणी म्हणजे परीक्षा. परीक्षेच्या आधी माणूस जरा जास्त अभ्यास करतो. दोन दिवस दोन-दोन घेतो. आकडा कसा शहाण्यासारखा खाली येतो."

वर आणखी एक गोष्ट बोलता बोलता कळली. खाली उतरायची वेळ येऊ नये म्हणून हे कामाच्या आदल्या संध्याकाळपासून पाणीच पीत नसत. वर नेलेली बाटली तशीच भरलेली परत यायची आणि मी समजत होते, खालून कुणीतरी ती पुन्हा भरून देतं.

"डॉक्टरीणबाईंना सांगू या," मी म्हटलं. "त्या काहीतरी मार्ग काढतील."

"त्या एकच मार्ग काढतील. वर चढू नये असं लिहून देतील." हे खिडकीबाहेर बघत म्हणाले. "निवृत्तीला आता थोडंच राहिलंय. तेवढं वर काढू दे. खाली मला कोण ओळखतं गं?"

मी तोंड उघडलं, तर ह्यांनी मूठ वर केली. थांब.

मी थांबले. पण त्या दिवसापासून माझी प्रार्थना बिघडली. दिव्यासमोर बसलं की मागायचं तरी काय, तेच सुचेना. दाब उतरू दे म्हणावं, तर तो कसा उतरतो ते मला ठाऊक. चढू दे म्हणावं, तर कोणत्या तोंडाने? नुसतं देवाचं नाव घेत बसायची नि उठायची. ह्यांना रागावलं की हे मुकाट. रडलं की, "जेवायला वाढ." रोज गोळ्या हातावर ठेवायची, रोज एक खिशात जाताना बघायची.

पुढच्या तपासणीचा दिवस आला. आकडा इतका छान आला की कंपनीच्या दवाखान्यातला कंपाउंडर म्हणाला, "काका, तुमचा दाब मला द्या, माझा तुम्ही घ्या." हे खुशीत शिडी चढून वर गेले. त्यानंतरचं मला पोपटभावोजींनी आमच्या स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून सांगितलं, आणि त्या दिवशी त्यांचं बोलणंही अडखळत होतं.

"उकाडा फार होता, वहिनी. मोळी अर्ध्यावर आलेली. पलीकडचं टोक दिसावं म्हणून ते खुर्चीतून उठले, आणि उठले ते दिसेनासेच झाले. मी खालून हात करतोय, खाली घ्या, खाली घ्या. वर कुणीच नाही. दांडा सुटला की क्रेन जागच्या जागी थांबते, म्हणून बरं. मोळी तशीच लटकत राहिली. सगळ्यांना मागे हटवलं. मी ओरडलो, तर काचेला एक हात टेकलेला दिसला. म्हटलं, जिवंत आहेत."

दुसरा क्रेनवाला वर गेला. हे केबिनच्या तळाशी बसलेले, पांढरे फटक. शुद्ध होती, पण उठू म्हटलं की शेड फिरायची. त्याने ह्यांना ओलांडून दांडा धरला आणि आधी मोळी खाली ठेवली. आवाज करून ठेवली म्हणे, सगळी शेड दणाणली. मग ह्यांच्या कमरेला पट्टा, पट्ट्याला दोर, एक माणूस शिडीवर वर आणि एक खाली, अशी एकेक पायरी करत उतरवलं.

ह्यांनी स्वतः त्या दिवसाबद्दल एकच गोष्ट सांगितली. "मी उतरत होतो ना, तर पोपट खालून मला हात करत होता." आणि पालथा तळवा हळूहळू खाली नेऊन दाखवला. मालाला दाखवतात तसा.

डॉक्टरीणबाईंकडे नेलं तेव्हा त्यांनी मनगट धरलं, उभं करून आणि निजवून दाब मोजला, आणि कपाळाला आठी घातली. "गोळ्या लिहून दिल्या तशाच घेताय ना, काका?"

"हो," हे म्हणाले.

"पाणी?"

"पितो की."

मी शेजारच्या खुर्चीवर. माझ्याकडे न बघता ह्यांनी मांडीवरचा हात उचलला आणि मूठ आवळली. डॉक्टरीणबाईंना वाटलं असेल, कळ आली. इतक्या वर्षांत त्या मुठीपुढे मी कधी एक पाऊल टाकलं नव्हतं. गॅसवर दूध उतू जात असलं तरी थांबले होते.

"तो हो म्हणजे नाही आहे, डॉक्टर," मी म्हणाले, आणि खिशातल्या गोळीपासून भरलेल्या बाटलीपर्यंत सगळं सांगितलं. सांगताना मूठ तशीच वर होती. माझं बोलणं संपल्यावर ती आपोआप खाली गेली.

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "काका, पाण्याच्या गोळीची वेळ बदलता आली असती. सुजेसाठी दाबाची दुसरी गोळी बघता आली असती. त्यासाठीच तर मी विचारते. दुप्पट गोळ्या आणि पोटात पाणी नाही, म्हणजे मेंदूला रक्त पोहोचणार कसं? शिडीवर असतात तर?"

"मग आता वेळ बदला," हे एकदम म्हणाले. लहान मुलासारखे. "बदला ना. सगळ्या घेईन. हिच्यासमोर घेईन."

"वेळ बदलते, गोळीही बदलते. पण वर चढायचं नाही."

"केव्हापर्यंत?"

त्यांनी लिहिणं थांबवलं. "आता नाहीच, काका."

घरी येताना हे रिक्षात माझ्याकडे पाठ करून बसले.

कंपनीने ह्यांना खालचं काम दिलं, पोपटभावोजींच्या शेजारी उभं राहून इशारे करायचं. वर नवा माणूस. चांगला आहे म्हणतात, पण अजून हात बसायचाय. मोळी टेकली की दणका होतो, आणि पोपटभावोजी सांगतात, दर दणक्याला हे डोळे मिटतात. संध्याकाळी घरी आले की बूट काढता काढता एवढंच म्हणतात, "आज पुन्हा आदळली." नव्या गोळीने घोट्यांची सूज कमी झाली. हात गारच आहेत. उठताना भिंत अजून लागते. पाण्याची गोळी आता रोज जाते. मी एकदा चाचरत विचारलं, तर म्हणाले, "शेडच्या दारातच मोरी आहे. खाली असण्याचा केवढा मोठा फायदा बघ."

माझ्या सांगण्याने माणूस वाचला की माझ्या सांगण्याने माणूस गेला, हे मी देवालाही विचारत नाही. दिवा लावते, उठते.

रोज सकाळी मी गोळ्या घेऊन समोर उभी राहते. हे आधी मूठ आवळून धरतात. बोलत नाहीत, बघतही नाहीत. मी थांबते, पण हात मागे घेत नाही. आत दूध तापत असतं, बाहेर कुणीतरी दुचाकीला किक मारत असतं. मग केव्हातरी ती मूठ सुटते आणि तळवा वर होतो, थंडगार. मी त्यावर आधी पाण्याची गोळी ठेवते.