तळघरातला समुद्र

शाळेतली मुलं भूगोलाच्या बाईंना पाठीमागे दर्याबाई म्हणत आणि बाईंना ते ठाऊक होतं. नाव पडलं होतं ते त्यांच्या एका धड्यावरून. नववीला समुद्राचा धडा आला की त्या पुस्तक मिटून सगळ्या वर्गाला गच्चीवर नेत. गच्ची म्हणजे समुद्राचा पृष्ठभाग. तिथून जिना उतरत जायचं, तितकं खोल गेल्यासारखं. वरच्या मजल्यावर शेवाळ आणि उन्हात चमकणारे मासे, त्याखाली निळसर अंधूक उजेड, आणि शेवटी मोडक्या बाकांनी भरलेलं तळघर. तिथे दिवा मालवून दार लोटून घ्यायचं. हा समुद्राचा तळ. शाळा सोडून गेलेली माणसं बाकीचा भूगोल विसरली, तो अंधार नाही विसरली.

यंदा मात्र बाईंना या धड्याची धास्ती होती. उन्हात त्यांना बरं दिसे, पण उजेड जरा उतरला की डोळ्यांपुढे पडदा. हे वाढतच जाणार, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. ही गोष्ट घरी धाकट्या बहिणीला तेवढी माहीत होती.

"ताई, शाळेत सांगून टाक," ती म्हणाली. "काल संध्याकाळी खुंटीवरच्या कोटाला चहा विचारलास तू."

"तो तुझ्यापेक्षा कमी बोलतो."

"हसण्यावारी नेऊ नकोस."

"सांगितलं की वर्ग काढून घेतील गं. मग बसेन नकाशांवरची धूळ झटकत. एवढा एक धडा होऊ दे."

मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनीही, परवानगी देताना विचारलं होतं, "जिन्यात पोरं धडपडली तर? तुमचं लक्ष असेल ना?"

"असेल की," दर्याबाई म्हणाल्या होत्या.

धड्याच्या दिवशी त्या कठड्याला धरून उतरल्या. जिना पायांच्या ओळखीचा होता. तळघरात दिवा मालवला, दार लोटलं, तशी कुजबूज थांबली.

"इथे ऊन कधीच पोचत नाही," बाई म्हणाल्या. "पण वरून सतत काहीतरी खाली येत असतं. मेलेल्या जीवांचा चुरा, बर्फासारखा भुरभुरत. त्यावर इथले जीव जगतात. काही मासे तर स्वतःचा दिवा स्वतःच बाळगतात."

दाराजवळच्या एका मुलीला भीती वाटली. तिने चाचपडत बटण दाबलं. कोपऱ्यातला मिणमिणता दिवा लागला. सगळ्यांनी डोळे किलकिले केले.

बाई बोलतच होत्या. "आता हात डोळ्यांसमोर धरा. दिसतो? नाही ना?" त्यांनी स्वतःचाही हात वर धरला, बोटं हलवली आणि त्या हसल्या. "मलाही नाही दिसत."

वर्गातल्या नकलाकाराने तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. कुणी हसलं नाही. सगळे त्या हलणाऱ्या बोटांकडे बघत राहिले.

पहिल्या बाकावर बसणारी उंच मुलगी हळूच भिंतीवरच्या बटणापाशी गेली. "बाई, दिवा लावू आता?"

"लाव."

बटण वाजलं. लगेच पुन्हा वाजलं.

बाई थबकल्या. दिवा लावायला बटण एकदाच दाबावं लागतं. दोनदा कधी, तर तो आधीच लागलेला असेल तेव्हा. त्यांनी वर धरलेला हात सावकाश खाली घेतला. आपण या पोरांना कसल्या डोळ्यांनी जिन्यावरून खाली आणलं, हे त्यांना तेव्हा दिसलं.

"केव्हापासून लागलाय गं?"

"आत्ताच लावला, बाई."

"उत्तर चूक आहे," बाई म्हणाल्या. "पण मार्क पूर्ण देते."

मग त्यांनी हात पुढे केला आणि मुलीने तो आपल्या खांद्यावर ठेवून घेतला. "जिन्यात तू पुढे हो. बाकीच्यांनी कठडा धरा, घाई नको."

एकेक पायरी करत सगळे वर आले. कुणी कुणाला ढकललं नाही. मधल्या मजल्यावर खिडकीतून ऊन येत होतं. तिथे बाईंना मुलीची वेणी दिसली, वेणीतली निळी फीत दिसली. आता खांद्यावरचा हात काढता आला असता. त्यांनी काढला नाही.

"वर्गात जायचं ना, बाई?"

"बाकीचे जा. तू मला आधी मोठ्या बाईंच्या दारापर्यंत सोड," दर्याबाई म्हणाल्या. "त्यांना एक गोष्ट सांगायची राहिली आहे."