रक्त थांबवणारी मशेरी

नरसी नामदेवला रस्त्यालगत फातिमाबीचे दुकान आहे. तव्यावर तंबाखू काळीभोर भाजायची, वाटून तिची मशेरी करायची आणि पुड्या बांधून विकायची. याच धंद्यावर तिने वैधव्य निभावले. बोलताना ती ओढणीचे टोक ओठांवर धरी. गिऱ्हाइकांना ती अदब वाटे.

जवळच्या तांड्यावर नव्याने सून होऊन आलेल्या रुपाच्या हिरड्यांतून दात घासताना रक्त येई. ती रडकुंडीला आली, तेव्हा फातिमाबीने तिच्या हातावर पुडी ठेवली होती. "लाव, बेटी. रक्त बंद न्हाई झालं तर माझ्या दुकानाची पायरी चढू नको."

रक्त खरोखरच थांबले. फातिमाबीचे नाव तांडाभर झाले.

यंदा गावात दंततपासणीचे शिबिर भरले. या भागात दातांचा डॉक्टर शिबिराच्या फलकासोबत येतो आणि फलक उतरला की जातो. तक्रार ऐकायला मागे कोणी उरत नाही. डॉक्टरीणबाईंनी रुपाची लाळ एका पट्टीवर घेतली आणि पट्टी बायोसेन्सरच्या छोट्या यंत्रात सरकवली. तांबडा दिवा लागला.

"हिरड्यांचा आजार सुरू झालाय. लवकर कळलं, उपचार केले तर दात वाचतील. मशेरी लावता?"

"तिच्यानंच तर रक्त थांबलं."

"तंबाखूनं रक्त दबतं. आजार आत वाढतच राहतो, नुसता दिसत नाही. म्हणून तर लाळ तपासायची."

"मशीनला बी चिमूटभर लावा, शांत व्हईल," सासू जमनाबाई म्हणाली. रांग हसली.

रुपा उठली. "मशीन खोटं बोलून राहिलंय. आमच्या फातिमाचाचीला इचारा."

चाची रांगेतच उभी होती. तिचेही रक्त असेच थांबले होते. पुढे दात हलू लागले, एकेक करून गळाले. बाळंतपणांनी गेले, असे ती घरच्यांना सांगे. स्वतःला तेवढे तिला कधी पटवता आले नव्हते. तरीही पुड्या बांधणे थांबले नव्हते.

रुपा मांडवाबाहेर पडणार तोच फातिमाबीने तिचा हात धरला.

"मशीन बराबर बोलून राहिलं, बेटी."

"काहून? तुमीच तर दिली व्हती."

"व्हय. मीच दिली."

फातिमाबीने ओढणी खाली सोडली आणि भर मांडवात तोंड उघडले. आत एकही दात नव्हता.

रुपा पाहत राहिली. मग हात सोडवून पुन्हा खुर्चीवर जाऊन बसली. चाचीकडे तिने वळून पाहिले नाही.