शिकणार कोण आहे?

स्वरूपा कऱ्हाडची. तिथल्या पॉलिटेक्निकमध्ये मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेली. वर्गात मुली अवघ्या दोन, त्यामुळे वर्कशॉपमध्ये हात काळे करायला ती कधी लाजली नाही. लग्न करून ती जर्मनीत, नेकारसुल्मला आली. नवरा जयंत तिथल्या मोटारींच्या कारखान्यात इंजिनीअर. पोळ्या लाटून आणि बर्फ बघून दोन वर्षांत ती कंटाळली, जर्मन शिकली आणि शेजारच्या हाइलब्रॉनच्या फाखहोखशूलमध्ये तिने नाव घातलं. म्हणजे हाताला काम शिकवणारं तंत्र-कॉलेज. तिथली पहिली दोन वर्षं तिने चांगल्या मार्कांनी काढली.

पण धातू का तुटतात, या एका प्रश्नाने तिला झपाटलं होतं. त्याच्या संशोधनासाठी श्टुटगार्टची युनिव्हर्सिटीच गाठायला हवी होती. तिथल्या प्राध्यापिका लिंडनर यांनी तिचे जुने विषय ग्राह्य धरले, तर प्रवेश थेट तिसऱ्या वर्षात. नाही धरले, तर पुन्हा पहिल्यापासून. स्वरूपा तिशीला आली होती. पहिल्यापासून करायची वेळ आली तर नाद सोडायचा, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं. हे तिने कुणाला सांगितलं मात्र नव्हतं.

आता आपल्याकडे महत्त्वाच्या कामाला माणूस एकटा जातो का? सोबत कुणीतरी हवंच. जयंतने रजा टाकली, टाय बांधला आणि प्राध्यापिकाबाईंच्या भेटीच्या वेळेला दोघं जोडीने हजर झाली.

"मटेरियल टेस्टिंगमध्ये काय काय केलंत?" बाईंनी स्वरूपाला विचारलं.

तिने सवयीने जयंतकडे पाहिलं आणि जयंत सुरू झाला. त्याचं जर्मन फर्डं. आमच्या प्लांटमध्ये अशी टेस्टिंग होते, तशी होते. पुढच्या प्रश्नालाही तेच. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"शिकणार कोण आहे?"

"ही," जयंत म्हणाला. तेही त्यानेच सांगितलं.

बाईंनी त्याला बाहेर बसायला सांगितलं. पण तोवर स्वरूपाची वाचा बसली होती. येत होतं तेही आठवेना. शेवटी बाई म्हणाल्या, "तुम्हाला काय येतं ते मला अजून कळलेलं नाही. पुढच्या गुरुवारी या. एकट्या."

घरी येईपर्यंत जयंतचा पारा चढलेला. "मी मदतच करत होतो ना? आल्झो, म्हणजे बघा, या लोकांना फॅमिली सपोर्ट म्हणजे काय ते कळतच नाही."

त्याची आई, स्नेहलताबाई, तीन महिन्यांसाठी पुण्याहून आल्या होत्या. भाजी निवडता निवडता त्या म्हणाल्या, "मदत कसली? तुझे बाबा मला बँकेत न्यायचे तसंच हे. बोलायचं त्यांनी, सही मी करायची. ते गेले तेव्हा मला साधी स्लिप भरता येत नव्हती. गुरुवारी ही एकटी जाईल. तू ऑफिसला जा."

जयंतने गळ्यातला टाय काढून ठेवला. आईपुढे त्याचं एरवीही फारसं चालत नसे.

गुरुवारी बाईंनी बोलणं लांबवलं नाही. दोन तुकडे झालेला एक लोखंडी दांडा स्वरूपाच्या हातात दिला. "हा का तुटला?"

तिने खिडकीपाशी जाऊन तुटलेली बाजू उजेडात धरली. शिंपल्यावर असतात तशा बारीक रेषा होत्या. "हा एका दिवसात तुटलेला नाही," ती म्हणाली. "या खाचेच्या कोपऱ्यात आधी बारीक चीर पडली. ती रोज थोडी सरकत गेली. हा खडबडीत भाग उरला होता, तो शेवटी एकदम गेला." बोलता बोलता ती जर्मनमध्ये चुकत होती आणि त्याचं तिला काही वाटत नव्हतं.

"हा विषय धरला," बाई म्हणाल्या. "थर्मोडायनॅमिक्स मात्र पुन्हा करावं लागेल. तुमच्या त्या हाइलब्रॉनच्या कॉलेजात ते वरवर शिकवतात."

एरवी स्वरूपाने "बरं" म्हणून पर्स उचलली असती. थोरांना उलट बोलायचं नाही, हे अंगात मुरलेलं. पण दोन वर्षं डोळ्यांसमोर उभी राहिली आणि तिला मनापासून राग आला.

"नाही," ती म्हणाली. "आधी विचारा, मग ठरवा."

बाईंनी विचारलं, आणि चांगलं घोळवून विचारलं. एका प्रश्नाला स्वरूपा अडली. मोघम काहीतरी ठोकून द्यायचा मोह झाला. पण तिने सरळ सांगितलं, "हे मला येत नाही. बाकीचं येतं."

"गेनाऊ, अगदी बरोबर," बाई म्हणाल्या. "तेवढं सुट्टीत वाचून या. तिसरं वर्ष ऑक्टोबरमध्ये सुरू होतं."

परतीच्या गाडीत ती खिडकीला डोकं टेकून रडली. समोरच्या आजोबांनी काळजीने रुमाल पुढे केला, तेव्हा तिला हसूच आलं.

संध्याकाळी जयंत बूट काढायच्या आधीच विचारता झाला, "काय म्हणाल्या बाई?"

"बाई काय म्हणाल्या ते राहू दे," स्नेहलताबाईंनी गॅस बंद केला आणि खुर्ची ओढून स्वरूपासमोर बसल्या. "तू काय म्हणालीस, ते सांग."